कोरडे मिस्त्री आणि बाईंची लाँच

आमच्या थोरल्या भाऊजींनी हात लावलेल्या होडीत पाण्याचा थेंब शिरत नाही, असं धक्क्यावर सगळीकडे प्रसिद्ध होतं. प्रसिद्ध कोणी केलं, तर भाऊजींनीच. इतकी वर्षं ते इतक्या मोठ्या आवाजात सांगत आले, की लोकांनी कंटाळून त्यांना 'कोरडे मिस्त्री' म्हणायला सुरुवात केली. त्यात उघड उघड चेष्टा होती. भाऊजींना ती पदवी वाटली. त्यांनी आपल्या शेडच्या दारावर ती निळ्या रंगात लिहून घेतली.

माझं दुकान त्यांच्या शेडला लागूनच. होड्यांचे सुटे भाग मी विकते: बोल्ट, रबरी नळ्या, ग्रीसचे डबे, सील. मागच्या खोलीत आमचे हे लेथ चालवतात. दोघे सख्खे भाऊ, पण बोलण्याचा सगळा वाटा थोरल्याने घेतला आणि धाकट्याच्या वाटणीला मान हलवणं आलं. यांच्या तोंडून शब्द काढायचा तर पकड लावून काढावा लागतो.

होडीचं इंजिन आत असतं आणि पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा दांडा तळातून आरपार जातो, म्हणजे तळाला भोक आलंच. त्या भोकातून दांडा फिरला पाहिजे, पण पाणी आत येता कामा नये. ते काम सीलचं. जुन्या होड्यांत दांड्याभोवती ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे असतात आणि वरून नट आवळलेला असतो. ही दोरी जराशी गळायलाच हवी. इंजिन चालू असताना थेंब थेंब पाणी आलं तरच ती थंड राहते. हे कळायला मिस्त्री व्हावं लागत नाही. मला गल्ल्यावर बसून कळलं.

भाऊजींना मात्र थेंब दिसला की कोणीतरी तोंडावर थुंकल्यासारखं वाटायचं. लगेच मोठा पाना घेऊन आत उतरायचे आणि नट पिळत सुटायचे. थेंब थांबला की बाहेर येऊन कपाळ पुसत म्हणायचे, "बघा! कोरडी ठणठणीत!" मालक खूश. पुढे दोरी आत करपायची, दांडा तापायचा, आणि तापलेल्या दांड्याला दोरी कानशीसारखी खात बसायची. काही महिन्यांनी तीच होडी पुन्हा गळायला लागायची, आधीपेक्षा जास्त. मग भाऊजी माझ्या दुकानात येऊन काउंटरवर हात आपटायचे.

"दोरी डुप्लिकेट देतेस तू!"

"भाऊजी, पलीकडच्या शेडवाल्यालाही तीच देते. त्याच्या होड्या नाही गळत."

"त्याला गळती दिसत नसेल. ती दिसायला नजर लागते!"

भाऊजींची नजर एवढी तयार, की स्वतःच्या घरातला मोरीचा नळ कायम ठिबकत असे आणि ते त्यांना कधी दिसलं नाही. जाऊबाई त्याच्या तोंडाला चिंधी बांधून ठेवायच्या. जाऊबाई म्हणजे त्यांची बायको. धक्क्यावर त्या कधी आल्या नव्हत्या. भाऊजींच्या मते तिथे बायकांचं काय काम? मी तिथे दुकान चालवते हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं नसावं.

आता मुद्द्याचं सांगते. या तीरावरून त्या तीरावर माणसं नेणारी एक जुनी लाँच होती. तिची मालकीण म्हणजे आमच्या बाई. नवरा गेल्यावर त्यांनी धंदा हातात घेतला आणि नवऱ्यापेक्षा बरा चालवला. त्या लाँचचा नट भाऊजींनी इतक्या वेळा पिळला होता, की शेवटी पिळायला जागाच राहिली नाही. बाईंनी ठरवलं, दोरीची भानगड काढून टाकायची आणि नव्या पद्धतीचं रबरी सील बसवायचं. भाऊजी आजवर या रबरी सीलला नाकं मुरडत आले होते. "बाटलीचं बूच आहे ते," म्हणायचे. पण बाई दुसऱ्या मिस्त्रीला बोलावणार असं कानावर आलं मात्र, त्यांचं मत एका रात्रीत बदललं.

"रबरी सील माझ्याइतकं कोण बसवतं?" ते बाईंना म्हणाले. तोवर त्यांनी एकही बसवलं नव्हतं.

लाँच पाण्याबाहेर उतरणीवर ओढली. पंखा काढला, दांडा मागे ओढून बाहेर घेतला आणि यांच्या खोलीत लाकडी घोड्यांवर ठेवला. जिथे वर्षानुवर्षं दोरी आवळली होती तिथे गोल खाच पडली होती. मी बोट फिरवलं तर नख अडकलं. रबरी सीलचा पातळ ओठ दांड्याला घट्ट चिकटून राहतो तेव्हाच पाणी अडतं. खाचेवर तो काय चिकटणार?

आमचे हे वाकून बघत राहिले. मग चक्क बोलले. "दादा, यावर धातूच्या नळीसारखी पातळ बाही चढवू. नाहीतर सील बोटभर पुढे सरकवू."

भाऊजींचा चेहरा पडला. खाच मान्य केली तर ती कोणी पाडली हा प्रश्न आलाच, आणि त्याचं उत्तर शेडच्या दारावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

"ती खाच नाही," ते म्हणाले. "चमक आहे ती. वापरलेल्या दांड्याला चमक येते."

"चमकेत नख अडकतं?" मी विचारलं.

"नखं वाढवलीस तर अडकणारच!"

यांनी मान हलवली आणि लेथकडे वळले. मी त्यांच्याकडे असं बघितलं, की दुसऱ्या कोणाला जेवण गेलं नसतं. यांना गेलं.

पुढे जे झालं ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. दांड्याच्या टोकाला पंखा अडकवणाऱ्या लोखंडी किल्लीची खोबण असते आणि तिच्या कडा धारदार असतात. सील त्यावरून सरकवायचं तर आधी कडांवर चिकटपट्टी लावतात, म्हणजे रबर कापत नाही. मी पट्टीचं बंडल हातात धरून उभी होते. भाऊजींनी ते माझ्या हातातून घेतलं, त्याने आपल्या चष्म्याची तुटलेली दांडी चिकटवली आणि बंडल खिशात टाकलं. मग सील तसंच कोरडं दांड्यावर रेटलं. अडकलं, तर हातोडी घेतली.

"रबराला हातोडी?" मी ओरडले.

"त्याला कळायला पाहिजे कोण बसवतंय ते!"

काम झाल्यावर बाईंनी विचारलं, आधी नुसती लाँच पाण्यात सोडून बघायची का? भाऊजींना ते लागलं. चाचणी नवशिक्यांसाठी असते म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी आतला हातपंपही काढून शेडमध्ये ठेवला. कोरड्या लाँचमध्ये पाणी उपसायचा पंप बघून लोकांना काय वाटेल? आणि पहिल्याच फेरीला त्यांनी आपल्या व्याह्यांना बोलावलं. मुलाच्या सासरची माणसं, दूर राहणारी. आपले व्याही किती मोठे मिस्त्री आहेत हे त्यांना याची देही याची डोळा दिसावं एवढाच हेतू.

त्या सकाळी भाऊजी नवा पांढरा शर्ट घालून आले आणि इंजिनाच्या झाकणावर सिंहासनावर बसावं तसे बसले. समोरच्या बाकावर व्याही, विहीणबाई, मी आणि जाऊबाई. मागच्या बाकांवर नेहमीचे प्रवासी. सुकाणूवर बाईंचा जुना चालक, आणि त्याच्या शेजारी स्वतः बाई. यांना भाऊजींनी लेथवर थांबायला सांगितलं होतं, आणि हे अर्थातच थांबले होते.

निम्मं अंतर गेलं असेल नसेल, चालक मागे वळून म्हणाला, "मिस्त्री, मागची बाजू जड वाटतेय."

"व्याही वजनदार माणूस आहेत," भाऊजी म्हणाले आणि स्वतःच हसले.

विहीणबाईंनी पाय वर घेतले. "इथे ओलं लागतंय हो."

"ते इंजिन थंड करायचं पाणी. ते येणारच."

जाऊबाई खाली बघत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "अहो, मग माझी चप्पल का तरंगतेय?"

खरंच तरंगत होती. ती फिरत फिरत व्याह्यांच्या पायाशी गेली. त्यांनी उचलून अदबीने परत दिली. भाऊजी झाकणावरून उठेनात. बाई स्वतः मागे आल्या आणि त्यांना उठवून झाकण उघडलं, तर आत दांड्याभोवतून पाणी कारंज्यासारखं उडत होतं. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "पंप कुठेय?"

भाऊजी नव्या शर्टाची कॉलर नीट करायला लागले.

मग जी तारांबळ उडाली ती काय सांगू! ज्याच्या हाताला जे लागलं त्याने तो उपसू लागला. डबे, झाकणं, विहीणबाईंची चामड्याची पर्ससुद्धा. मागची एक म्हातारी सगळ्या मिस्त्री जातीचा उद्धार करत होती आणि एका हाताने पाणी फेकत होती. चालकाने लाँचचं तोंड जवळच्या चिखलाच्या उथळ पट्ट्याकडे वळवलं, पण इंजिन चालू ठेवावं तर पाणी जोरात येत होतं, आणि बंद करावं तर पोचणार कसं?

तेव्हा जाऊबाई उठल्या. पदर खोचला, झाकणापाशी गुडघे टेकले आणि आत बघितलं. ठिबकत्या नळाशी ज्यांचा जन्म गेला त्यांना गळतीचं नवल वाटलं नसावं. "इंजिन बंद करा," त्या चालकाला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "काढा तो शर्ट."

"अगं, व्याही समोर..."

"काढा म्हणते ना!"

मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. भाऊजींनी शर्ट काढला. जाऊबाईंनी तो उभा फाडला, इंजिनाजवळच्या डब्यातलं ग्रीस त्याला थापलं आणि थांबलेल्या दांड्याभोवती एकावर एक वेढे घेतले. मी दोरी दिली, त्यांनी करकचून बांधली. धार बारीक झाली आणि मग नुसती झिरपत राहिली. चालकाने आणि दोन प्रवाशांनी बांबू लावून लाँच चिखलावर रेटली. सगळे गुडघाभर गाळातून काठावर आले. कोणाला काही इजा झाली नाही. पर्स गेली.

भाऊजी काठावर एका उलट्या पाटीवर उघडेबंब बसले होते. खांदे उतरलेले, पोटावर ग्रीसचा पट्टा. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला त्यांची कीव आली. माणूस म्हातारा दिसत होता. पाण्याचा तांब्या घेऊन मी जवळ गेले. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "सील डुप्लिकेट दिलंस ना?"

कीव तिथेच संपली.

सील बाहेर काढलं तेव्हा त्याचा ओठ खोबणीने कापला होता आणि जे उरलं होतं ते नेमकं खाचेवर बसलं होतं. दोन्ही गोष्टी बाईंनी भाऊजींना बोट लावून दाखवल्या. ते आभाळाकडे बघत राहिले. दोन दिवसांत चहाच्या टपरीवर नवीनच कथा सुरू झाली: प्रसंगावधान राखून आपला नवा शर्ट देऊन मिस्त्रींनी लाँच कशी वाचवली. ऐकणारे हसत होते. भाऊजींना वाटलं, कौतुकाने हसतात.

बाईंनी त्यांना लाँचवर पाय ठेवायला मनाई केली. दांडा यांच्याकडे आला. यांनी खाचेवर पातळ बाही चढवून तो गुळगुळीत केला, आणि सील बसवायच्या दिवशी बाई सरळ जाऊबाईंच्या दारात गेल्या.

"मला कुठे येतं?" जाऊबाई म्हणाल्या.

"येत नाही हे तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या धक्क्यावर तेवढंही कोणाला माहीत नसतं."

मी चिकटपट्टी लावली, रबराला ग्रीस चोळलं, यांनी दांडा धरला आणि जाऊबाईंनी सील हाताने, अंगठ्यांनी, गोल गोल दाबत जागेवर नेलं. दीड तास लागला. भाऊजी शेडच्या दारात उभे राहून "उलटं बसतंय, उलटं बसतंय" म्हणत होते. सुलटं होतं. लाँच पाण्यात सोडली. आम्ही चौघे झाकण उघडून तळाकडे बघत बसलो. जाऊबाई पुन्हा पुन्हा बोट लावून बघत होत्या. मग हसल्या. त्यांचे पुढचे दात मी तेव्हा नीट पाहिले.

त्यानंतर एक एक करत बाकीच्या होडीवाल्यांची कामं त्यांच्याकडे यायला लागली. भाऊजींना ते सोसेना. धक्क्याला आता दर्जा राहिला नाही असं जाहीर करून ते मुलाकडे राहायला गेले. तिथे जवळपास नदी नाही, खाडी नाही, तळंसुद्धा नाही. म्हणून त्यांनी इमारतीच्या पाण्याच्या टाकीची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. खालच्या मजल्यावरची माणसं सध्या सून आणि मुलगा यांच्याशी बोलत नाहीत.

जाऊबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. "मला इथे कामं आहेत," एवढंच म्हणाल्या आणि भाऊजींची बॅग भरून दिली.

रोज दुपारी भाऊजींचा फोन येतो. आज कुठली होडी, नट किती आवळायचा, कोणाचं ऐकायचं नाही, असं सगळं ते सविस्तर सांगतात. जाऊबाई फोन माझ्या काउंटरवर ठेवतात, मधून मधून "हो" म्हणतात आणि हातातलं काम करत राहतात. परवा त्या बाहेर धक्क्यावर गेल्या होत्या, तर ते "हो" मीच म्हटलं. भाऊजींना फरक कळला नाही.