काशाचा लाल

लढाई संपली आणि मी साताऱ्याला परत आलो, तेव्हा मला झोप हवी होती, बाकी काही नको होतं. चार वर्षं लष्करी वर्कशॉपात पोलाद तापवायचं आणि तेलात किंवा पाण्यात बुडवायचं, एवढंच काम केलं होतं. घरी आलो तर इथेही भट्टीच. आमचा धंदा काशाची भांडी घडवण्याचा. तांबं आणि कथील मुशीत वितळवून चकती ओतायची, ती लाल करून घणानं वाढवायची, थंडावली की पुन्हा तापवायची, आणि ताटाचा आकार आला की शेवटचं तापवून पाण्यात सोडायची. मग थंड ताटावर हलका हातोडा फिरवून ते सरळ करायचं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, हे पन्नास वर्षं करत होते.

पण त्या लग्नसराईत ताटांना तडे जायला लागले. दहा ताटं घडवली की तीन वाया. एक तडा तर बारीक होता, कुणाच्या ध्यानात आला नाही, आणि ते ताट कन्यादानासाठी गेलं. दुसऱ्या दिवशी मुलीची आई ते घेऊन दारात उभी. तिनं आरडाओरडा केला नाही. ताट आबांच्या हातात दिलं, बोटानं वाजवून दाखवलं आणि गेली. बद्द वाजलं ते. आबा दिवसभर जेवले नाहीत.

मी लगेच शहाणपण शिकवायला पुढे झालो. पोलादाचं मला ठाऊक होतं. लाल पोलाद पाण्यात घातलं की कडक होतं, ठिसूळ होतं, कधी तडकतं. मग कासं वेगळं का असेल?

“आबा, पाणी बंद करा. राखेत हळूहळू निवू द्या.”

“काशाला पानी लागतंय,” आबा म्हणाले. एवढंच. कारण सांगायची त्यांना सवय नव्हती आणि विचारायची आमच्या घराला नव्हती.

पुढे पाटणला आत्या वारली आणि आबा दहा दिवस तिकडे राहिले. मागे मी आणि घण मारणारे काका. मी काकांना पटवलं. त्या दिवसांत घडवलेली बारा ताटं एकेक करून राखेत पुरली. दुसऱ्या दिवशी गार ताटावर पहिला हातोडा टाकला आणि ते बशीसारखं फुटलं. दुसरंही तसंच. काका म्हणाले, “ऱ्हाऊ दे रं आता.” पण मी हट्टाला पेटलो होतो. बारावं फुटल्यावरच थांबलो.

आबा आले, त्यांनी तुकड्यांचा ढीग बघितला, एक तुकडा उचलून कडेवरून बोट फिरवलं. “पान्याला भ्यालास व्हय?” म्हणाले आणि तुकडे मुशीत टाकायला लागले. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरात राहवेना. सांगलीला एका कारखान्याच्या ओतशाळेत लागलो. उसाच्या चरकाचे भाग ओतायचं काम. वाळू दातांत, वाळू डोळ्यांत, संध्याकाळी अंगात काही उरायचं नाही. तिथले इंजिनियर साहेब मात्र भला माणूस. त्यांना एकदा मी बारा ताटांची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, त्यातली तांब्या-कथलाच्या मिश्रणाची एक आकृती कागदावर उतरवून घ्यायला सांगितली. ते तिला फेज डायग्राम म्हणत. मी आपला नकाशा म्हणायचो.

तळाशी कथील, डावीकडून उजवीकडे वाढत जाणारं. उभ्या बाजूला उष्णता. मध्ये रेघाच रेघा, कुणी भांडून ओढल्यासारख्या. सुट्टीच्या दिवशी कृष्णेच्या घाटावर बसून मी त्या कागदाकडे बघायचो आणि मला पेंग यायची. तीन-चार आठवडे तर मी तो चुकीचाच वाचला. मला वाटायचं, रेघ म्हणजे वाट, तिच्यावरून धातू जातो. साहेबांनी समजावलं, की रेघ म्हणजे बांध. बांधाच्या अलीकडे धातू एका रूपात असतो, पलीकडे दुसऱ्या. आपला धातू कुठला ते ठरव, त्या जागी पेन्सिल उभी धर आणि खाली आण. कुठले बांध ओलांडतोस ते बघ.

आमच्या काशात चार भाग तांबं आणि एक भागाहून थोडं जास्त कथील. मी पेन्सिल धरली. आठशे अंशांच्या आसपास एक आडवी रेघ, तिच्या वर धातू वितळू लागतो. सहाशेच्या जरा खाली दुसरी. त्या दोन रेघांच्या मध्ये कासं मऊ, घण सोसणारं. खालची रेघ सावकाश ओलांडली तर ते मऊ रूप मोडून एक ठिसूळ रूप तयार होतं. पाण्यात टाकलं तर मोडायला वेळच मिळत नाही, मऊपणा तसाच राहतो. पोलादाच्या बरोब्बर उलट. आबा खरे होते. मला इतका आनंद झाला की घाटावर एकटाच हसलो.

मग पेन्सिल तिथेच राहिली आणि दुसरी गोष्ट दिसली. पाणी तर बरोबर होतं. मग आबांची ताटं का तडकत होती? त्या खालच्या रेघेखाली गेलेल्या धातूवर घण पडला तरच. म्हणजे चकती निवली होती आणि आबांना ती अजून लाल वाटत होती. पन्नास वर्षं आगीत बघून आबांचे डोळे अधू झाले होते. कागद गुंडाळून ठेवला. तो मला समजला नसता तर बरं, असं वाटलं.

पुढच्या सुट्टीला मोटारीनं साताऱ्याला गेलो. आबा भट्टीपाशी होते. रंग नीट दिसावा म्हणून दाराला गोणपाट लावून आत अंधार केलेला. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पाण्याचं सगळं सांगितलं. खालच्या रेघेचंही सांगितलं, पण डोळ्यांचं नाव घेतलं नाही.

“डोळ्याचं म्हनतूस न्हवं?” आबाच म्हणाले. “मला ठावं हाय. लय दिस झालं.” मग कागदावर तळहात ठेवून त्यांनी विचारलं, “ह्यात डोळ्याबिगर जमायची काय सोय हाय का रं?”

त्यांच्या आवाजात आशा होती. ती मला ऐकवेना.

“उष्णता सांगणारं एक यंत्र असतंय आबा. कारखान्यात हाय. आपल्याकडं न्हाई.”

“मग तू हायस की. तू रंग सांग, मी काकाला घण मारायला सांगतो.”

काका सरसावले. मी सांडशीत चकती धरून आगीत घातली. आबांनी भाता सुरू केला. चकती काळवंडली, मग तांबूस झाली.

“सांग.”

“लाल झाली.”

“लाल म्हंजी कुटला? कवळा का पिकल्याला?”

मी बघत राहिलो. दोन्ही रेघा मला पाठ होत्या, कुठे किती उष्णता ते झोपेतही सांगितलं असतं. पण समोरचा लाल त्या दोन रेघांच्या मध्ये कुठे बसतो, ते मला कळेना. काढू का, थांबू का? पन्नास वर्षं शेजारी बसून बघायची गोष्ट होती आणि मी कधी बसलोच नव्हतो.

“आबा, जरा थांबा—”

सांडशी एकदम हलकी झाली. चकतीचा खालचा भाग निखाऱ्यांत ओघळला होता.

आबांनी भाता थांबवला. “गेली?”

“गेली.”

काकांनी घण भिंतीला टेकवला. आबा उठले, चाचपडत दारापर्यंत गेले आणि गोणपाट ओढून खाली काढलं. उजेड थेट भट्टीवर आला, निखारे फिके पडले. त्यानंतर ते गोणपाट कुणी पुन्हा लावलं नाही.