दुसरा कागद

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही. हजला गेलो तेव्हा सोबतची माणसं काय काय बोलून मोकळी होत होती – मी तिथेही गप्पच राहिलो. आता तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण नीट क्रमाने सांगता येईल की नाही, कोण जाणे. मी जन्मभर टायपिस्ट. दुसऱ्याचं म्हणणं कागदावर उतरवायची सवय. स्वतःचं सांगायची वेळ आली की बोटं अडखळतात.

तर, कुवेत. एकोणीसशे पन्नासचं दशक उतरणीला लागलं होतं. तेल कंपनीच्या ऑफिसात मी टायपिंग करायचो आणि राहायचो अहमदीत, कंपनीच्या वसाहतीतल्या बॅचलर क्वार्टर्समध्ये. आमच्या दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांवरची पन्नासेक माणसं तरी तिथे होती. कुणी खलाशी, कुणी आचारी, बहुतेक जण पाइपलाइनीवर. आणि होती हॉकी. हसू नका. त्या वाळवंटात आम्ही हॉकी खेळायचो, तीही अशी तशी नाही. कठीण मुरूम पसरायचा, त्यावर कच्चं तेल शिंपडायचं, रोलर फिरवायचा – झालं मैदान. सामना संपला की सगळ्यांचे गुडघे काळे. प्रत्येक कंपनीची टीम, प्रत्येक ठेकेदाराची टीम, आणि चांगल्या खेळाडूसाठी साहेब लोकांत अशी ओढाताण चाले की नोकरी नक्की कशाची, हा प्रश्न पडावा.

मी टीमचा सेक्रेटरी होतो. भारदस्त वाटतं ना? म्हणजे यादी टाइप करायची, मध्यंतराला लिंबं कापायची आणि स्टिकांना जवसाचं तेल लावून ठेवायचं. स्वतः खेळलो नाही कधी. चष्मा होता.

इस्माईल आला तो पाइपलाइनीवरचा मजूर म्हणून. आमच्याच गावचा. वय एकवीस-बावीस. गावात माडाच्या पिढ्याची, म्हणजे झावळीच्या देठाची, काठी करून खेळलेला. पहिल्या सामन्यात फुलबॅकच्या जागी अनवाणी उभा राहिला, आणि समोरच्या टीमला – ती पंजाबी पोरांची टीम होती, दांडगी – एकही गोल करता आला नाही. तो फार धावायचा नाही. थांबायचा. समोरचा जवळ येईपर्यंत नुसता थांबायचा, आणि शेवटच्या क्षणी चेंडू असा काढून घ्यायचा की समोरच्याला तो गेल्याचं चार पावलांनी कळावं. मला हॉकीतलं फारसं कळत नव्हतं, पण हे काहीतरी वेगळं आहे एवढं कळलं. मला त्याचा अभिमान वाटला. हे खरं आहे. पुढचं सांगण्याआधी हे सांगून ठेवतो – ढाल म्हणून नाही, खरं आहे म्हणून.

त्याच्या आईला लिहिता येत नसे. गावच्या शाळामास्तरांकडून तिने मला पत्र लिहून घेतलं होतं: पोर तुमच्या ओटीत टाकलंय. आणि पोराला बजावलं होतं, हसनभायच्या शब्दाबाहेर जायचं नाही. आमच्याकडे ही रीतच होती. परदेशात गावचा जाणता माणूस धाकट्याच्या वतीने बोलायचा. धाकट्याने साहेबासमोर तोंड उघडायचं नाही, आणि जाणत्याला ‘कागदावर काय लिहिलंय’ असं विचारायचं तर मुळीच नाही. विचारणं म्हणजे अविश्वास. मीही कितीकांच्या वतीने असं बोललो होतो, आणि चांगलं बोललो होतो. कुणाची रजा, कुणाची बदली. लोक दुवा द्यायचे. आपल्या जिभेवर माणसांचं नशीब आहे, हे ठाऊक असण्याची एक चटक असते. ती मला होती.

इस्माईलचं दोन वर्षांचं अग्रीमेंट संपत आलं. दुसऱ्या एका ठेकेदाराच्या टीमने त्याला निरोप धाडला: आमच्याकडे ये. आमच्या साहेबाला कुणकुण लागली. पोराला सोडायचं नाही म्हणून त्याने आम्हा दोघांना बोलावलं. मी खुर्चीवर, इस्माईल माझ्या मागे उभा – बस म्हटलं तरी बसला नाही.

साहेबाच्या टेबलावर दोन कागद होते.

पहिल्या कागदात ऑफिसमध्ये प्यूनची हलकी नोकरी, पगारात चांगली वाढ, रोज दुपारनंतर सरावाला सुट्टी. मुदत – टीममध्ये खेळत असेपर्यंत. दुसऱ्या कागदात वर्कशॉपमध्ये फिटरचं शिक्षण. दोन वर्षं पगार कमी, सरावाला सुट्टी नाही, खेळायचं ते फक्त शुक्रवारी. पण शिकून झालं की नोकरी कायमची, पुढे स्टिकला हात नाही लावला तरी. साहेब वाईट माणूस नव्हता. तो मला म्हणाला, पाय काही जन्मभर पुरत नाहीत, याला दोन्ही कागद नीट समजावून सांग आणि त्यालाच ठरवू दे.

मी मागे वळलो.

आता सांगतो. याच्याभोवतीच मघापासून फिरतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी इस्माईलला म्हणालो, “साहेब विचारतायत, टीममधी रवशील ना? पगार वाढवून देतील.”

“तुमी बोलाल तसा, भाय,” तो म्हणाला. “मना काय कळतंय?” आणि हसला. आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

मी साहेबाकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, याला फक्त खेळायचंय, वर्कशॉप नको म्हणतो. साहेबाने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. त्याने खांदे उडवले, आणि दुसरा कागद फाइलीत टाचून ठेवला. इस्माईलने पहिल्यावर सही केली. मराठीत, मोठ्या अक्षरांत, जीभ दातांत धरून.

का केलं? टीमसाठी केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. टीम हरली काय नि जिंकली काय, मला लिंबंच कापायची होती. खरं असं की वर्कशॉपच्या त्याच शिक्षणासाठी मी आठ वर्षांपूर्वी अर्ज केला होता. मॅट्रिक पास, इंग्रजी येणारा. मला सांगितलं गेलं की टायपिस्ट मिळणं कठीण आहे, तू आहेस तिथे बरा आहेस. आणि आता माझ्यामागे उभं असलेलं हे पोर, ज्याला इंग्रजीतला एक शब्द वाचता येत नव्हता, ते चार वर्षांत माझ्यावरच्या ग्रेडला जाणार होतं. मला ते बघवलं नसतं. एवढंच होतं ते. एखाद्या मोठ्या पापाला शोभेल असं काही त्यात नव्हतं.

तीन मोसम तो खेळला. त्याच्यासारखा फुलबॅक मी पुन्हा पाहिला नाही. लोक दुरून दुरून लॉऱ्यांत बसून त्याचा खेळ बघायला यायचे. चौथ्या मोसमात मैदानाच्या कडेला, जिथे कठीण मुरूम संपून मऊ वाळू सुरू होते, तिथे त्याचा पाय रुतला आणि अंग फिरलं. गुडघा गेला. डॉक्टरांनी दोन महिने पाहिलं, मग मान हलवली.

टीममध्ये खेळत असेपर्यंत – असं कागदात होतं. नोकरी संपल्याचं पत्र मीच टाइप केलं. तीन प्रती, मध्ये कार्बन. एक प्रत लावायला त्याची फाइल उघडली, तर दुसरा कागद अजून तिथेच टाचलेला. टाचणीला गंज चढला होता. तेव्हा तरी तो घेऊन साहेबाकडे जाता आलं असतं ना? लंगडा माणूस वर्कशॉपच्या बाकावर बसून काम करू शकतो. मी प्रत लावली, फाइल बंद केली.

बोटीवर चढताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, “तुमी होतात म्हणून तीन वर्सा खेळलो, भाय.” मी त्याला सांभाळून जायला सांगितलं.

त्यानंतर दर वर्षी गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तो माझ्यासाठी फणसपोळी धाडायचा. कापडात शिवलेली, वर मोठ्या अक्षरांत माझं नाव. तो खाडीच्या धक्क्यावर तरीची, पलीकडे नेणाऱ्या होडीची, तिकिटं फाडतो असं कळायचं. मी फणसपोळी खायचो. टाकून कशी देणार?

एकोणीसशे साठचं दशक अर्धं सरलं तेव्हा त्याचा धाकटा भाऊ यासीन आला. पत्रात इस्माईलने लिहिलं होतं, माझ्या वतीने बोललात तसं याच्याही वतीने बोला. मी त्याला ऑफिसात घेऊन गेलो. साहेब तोच, केस पांढरे झालेले. पण यासीन दापोलीला इंग्रजी शिकलेला. खुर्ची ओढून बसला आणि स्वतःच बोलला. वर्कशॉपचं शिक्षण मागितलं. साहेबाने नाव वाचलं, चष्मा वर केला. म्हणाला, तुझ्या भावालाही मी हेच देऊ केलं होतं. त्याने नको म्हणून निरोप दिला या गृहस्थांकडून. वाईट वाटलं मला.

यासीनने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग समोरचा कागद उचलला आणि साहेबाला ताटकळत ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

बाहेर आल्यावर बससाठी उभे होतो. तो म्हणाला, “दादाला कधी सांगू नका. धक्क्यावर रोज कुणाला ना कुणाला सांगतो, हसनभाय माझ्यासाठी साहेबाशी भांडले. तेवढाच हाय त्याच्याकडं.”

मी सांगितलं नाही. पण यासीनने अडवलं म्हणून नाही. अडवणारं कुणी नव्हतं तेव्हाही मी गप्पच होतो. त्याच्या म्हणण्याआड मला लपायचं नाही.

पुढच्या रजेहून परतल्यावर यासीन माझ्या खोलीवर आला. कापडाची शिवण त्यानेच उसवली, फणसपोळीचा तुकडा तोडून माझ्या हातात दिला, आणि मी खाईपर्यंत समोर उभा राहिला.

“दादानं विचारलाय, यंदाची गोड हाय काय,” तो म्हणाला. “काय कळवू?”

गोड आहे म्हणून कळव, मी म्हटलं. आणि ती गोड होती.