तीन शिट्ट्या

परीक्षेला तीन दिवस उरले होते आणि माझ्या सॅक्सोफोनमधून निघणारा एकही आवाज माझा नव्हता. हे म्युझिक कॉलेजातल्या सरांचं मत. शेवटच्या परीक्षेत स्वतः शोधलेला आवाज वाजवायचा, नाहीतर नापास. आणि नापास झाले तर सप्टेंबरपासून अकाउंटन्सी, हे बाबांनी आमटी वाढून घेताघेता जाहीर करून टाकलं होतं.

बर्मिंगहॅमच्या आमच्या घरात शेजारी भिंत ठोकणार नाहीत अशी खोली एकच, स्वयंपाकघर. आई कुकर लावून वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चिडून नुसतीच फुंकत होते. तेवढ्यात एक शिट्टी झाली आणि कुकर पुन्हा फुसफुसायला लागला. झाकण आता उडणार, या भीतीने लहानपणी मी टेबलाखाली बसायचे. तीच भीती आठवली. मी डोळे मिटले, सॅक्सोफोनची रीड, ती तोंडाशी असते ती पातळ पट्टी, दातांत धरली, निम्मी हवा ओठांच्या कडेने सोडली. आधी फुसफूस, मग थेट कुकरसारखी किंचाळी. पुन्हा केलं. पुन्हा तशीच! आई कधी खाली येऊन गेली, मला कळलंही नाही.

जेवताना बाबांच्या दाताखाली कच्ची डाळ करकरली.

"अहो, तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला मी," आई म्हणाली.

"आई, त्यातल्या दोन माझ्या होत्या."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "कुकर वाजवून डिग्री मिळते का?"

मी संतापून ताट सिंकमध्ये ठेवलं आणि पुन्हा सॅक्सोफोन उचलला. तीन दिवस तीच शिट्टी घोटली.

परीक्षा घरच्यांना ऐकता यायची. दोघं मागच्या रांगेत बसले. बाबांच्या हातांची घडी सुटेना. फुसफूस सुरू केली. पहिली शिट्टी. परीक्षकांनी मान वर केली नाही. दुसरी. मी फुसफूस ताणली, आणखी ताणली, छाती फुटेल असं वाटलं, आणि तिसरी सोडली.

त्या शांततेत बाबांचा आवाज आला, "अगं, गॅस बंद कर!"

परीक्षकांनी वळून पाहिलं. मग मला विचारलं, ते गृहस्थ काय म्हणाले?

मी त्यांना इंग्रजीत शब्दशः सांगितलं. मागे बाबा जीभ चावत बसले होते. अकाउंटन्सीचं नाव त्यांनी परत काढलं नाही, निकाल लागायच्या आधीही.