टोणग्या सर

माझी शिट्टी गेली ती नाडकर्णी काकांमुळे. नाव बदललंय, पण वाचलं तर ते स्वतःला ओळखतील. आधीच सांगून टाकलं, म्हणजे शेवटपर्यंत शोधत बसायला नको.

दोन वर्षं मी द्वारका, नोएडा, गुरुग्रामच्या मैदानांवर पोरांच्या फुटबॉल मॅचना रेफरी होतो. पोरांचे किस्से फारसे नाहीत. पोरं पडतात, रडतात, उठतात आणि खेळतात. किस्से साठतात ते रेघेबाहेरच्या खुर्च्यांवर बसलेल्या मोठ्यांचे. दर रविवारी एक तरी घेऊनच घरी यायचो.

* * *

सीझनच्या पहिल्या दिवशी सगळ्या पालकांना शपथ घ्यायला लावली. माइकवर कोण? नाडकर्णी काका! मोठ्या कंपनीत मोठे साहेब, मराठी मंडळात कायम पहिल्या रांगेत. काय सुंदर हिंदी! "हम रेफरी का सम्मान करेंगे। रेफरी का निर्णय अंतिम होगा।" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चौथ्या मिनिटाला मी त्यांच्या टीमविरुद्ध फ्री किक दिली. काका हिंदीत म्हणाले, "कोई बात नहीं, रेफरी साहब!" आणि लगेच शेजारच्या काकूंना मराठीत, "कुठून धरून आणलाय हा टोणगा!"

त्यांना वाटलं, या काळ्या पोराला मराठी कुठून येणार. माझे बाबा फौजेत हवालदार, मूळ साताऱ्याचे. मी वाढलो दिल्ली कँटमध्ये.

* * *

मग बोललो का नाही? कारण मराठी काकांना मराठी पोरगा भेटला की दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "काय शिकतोस?" मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. हे सांगितलं की तिसरा प्रश्न येत नाही, प्रवचन येतं. ते घरी रोज फुकट मिळतं. बाबांचं एकच पालुपद: "डिग्री नाही तर नाही, कसला तरी एक कागद आणून दाखव."

तो कागद म्हणजे रेफरीची वरची श्रेणी. तिची परीक्षा मैदानातच होते. परीक्षक बाजूला बसून तुमची एक मॅच बघतो, बस्स.

* * *

मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे पार्ट तपासणारे एक गृहस्थ होते. पोराचा गोल मी ऑफसाइड दिला, तर हाफटाइमला वही-पेन घेऊन हजर! "हमारे यहां पार्ट रिजेक्ट होता है तो कारण लिखकर देते हैं। आप भी लिखकर दो."

मी लिहून दिलं: "ऑफसाइड."

त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "साइन?"

* * *

एका रविवारी आयोजकांनी 'मौन दिवस' ठेवला. पालकांनी तोंडातून आवाज काढायचा नाही. एक साहेब गाडी थेट कुंपणाला लावून आत बसले. मी शिट्टी वाजवली की ते हॉर्न वाजवायचे. मी जवळ गेलो, तर काच खाली करून म्हणतात, "मैं तो चुप हूं जी!"

* * *

नाडकर्णी काकांचा मुलगा अथर्व त्यांच्या टीमचा गोलकीपर. अकरा वर्षांचा, जन्म दिल्लीतला, मराठी 'पाणी दे, जेवायला चल' इतपतच. एकदा कॉर्नरच्या आधी हळूच मला विचारतो, "सर, पापा आपको टोणग्या क्यों बोलते हैं? टोणग्या मतलब?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून खरं सांगवेना. मी म्हणालो, "जो सबसे बढ़िया रेफरी होता है ना, उसको बोलते हैं।"

पोरगा खूश. बापाकडे बघून त्याने अंगठा दाखवला. बापानेही दाखवला!

* * *

माझ्या परीक्षेची मॅच नेमकी त्याच टीमची निघाली. परीक्षक कागद घेऊन बसलेले. शेवटच्या मिनिटाला अथर्वने समोरच्याला पाडलं. पेनल्टी. मी दिली. ते हरले. काका ओरडून ओरडून लाल झाले होते.

पण पोरं आली. अथर्व डोळे पुसत पुढे, मागे अख्खी टीम. ओळीने हात मिळवले आणि एका सुरात ओरडले, "थँक यू, टोणग्या सर!"

दोन वर्षांत रेघेच्या कुठल्याही बाजूने मला कुणी असं थँक यू म्हटलं नव्हतं.

काका तरातरा आत आले. अथर्व त्यांना कौतुकाने म्हणाला, "पापा, टोणग्या का मतलब सर ने ही बताया!" काका माझ्याकडे वळले. "तू मराठी आहेस?"

"हो, काका."

"मग आधी नाही का सांगायचं! काय शिकतोस?"

"काही नाही. कॉलेज सोडलं."

"वाटलंच!" म्हणाले आणि परीक्षकांकडे वळून अस्खलित हिंदीत सुरू झाले, "सर, यह लड़का बच्चों को गालियां सिखाता है। हमारे घर में ऐसी भाषा किसी ने सुनी तक नहीं।"

परीक्षकांनी अथर्वला जवळ घेतलं. "बेटा, यह शब्द किसने सिखाया?"

अथर्वने बापाकडे पाहिलं. बापाचा हात त्याच्या मानेवर होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मैंने सिखाया, सर।"

वरची श्रेणी मिळाली नाही. रेफरींच्या आहे त्या यादीतूनही माझं नाव काढलं.