फ्री साइज पट्टा
नव्या रेक्झिनचा वास आला की माणिकपूरमधलं ते दुकान आठवतं. मी नुकतीच लग्नाचे फोटो काढायला लागले होते आणि कॅमेऱ्याचा जुना पट्टा मानेला काचायचा. नवा घ्यायला नवऱ्यासोबत गेले, तर दुकानदार सगळं त्यालाच समजावत होता. पट्टाही त्याच्याच खांद्यावर चढवला. "कॅमेरा हिचा आहे," नवरा म्हणाला. मग मी घालून पाहिला. बक्कल शेवटपर्यंत ओढूनही कॅमेरा मांडीवर आपटत होता. "मॅडम, फ्री साइज आहे, सवय होईल," दुकानदार हसला. दुसऱ्याच दिवशी नंदाखालला लग्न होतं, म्हणून चरफडत तोच घेतला. लग्नात जरा वाकले की कॅमेरा पुढे झोका घ्यायचा. दिवसभर एक हात तो सावरण्यातच गेला. पाठवणीच्या वेळी लोंबणारा पट्टा खुर्चीच्या पाठीत अडकला आणि मी तो सोडवेपर्यंत नवरीनं वडिलांना मारलेली मिठी सुटलीसुद्धा. काही दिवसांनी तिचा फोन आला, "ताई, पप्पांसोबतचा तो फोटो नाही का?" "नाही गं," एवढंच म्हणाले, आणि राग कुणावर काढावा तेच कळेना. आता कॅमेरा अडकवून, वाकून, दुकानाबाहेर फेरी मारून आल्याशिवाय मी पट्टा घेत नाही. दुकानदार वैतागतात. वैतागू देत.