मामांचा डिपर

"त्या जीपमधी नका बसू मावशे. लग्नाला निघाल तर बारशाला पोचताल."

सेलूच्या स्टँडबाहेर एक बाई दुसरीला समजावत होती. ती जीप म्हणजे माझ्या मामांची काळीपिवळी, आणि मी तिच्या पुढच्या सीटवर खिडकीशी बसून हे ऐकत होते. मामांनीही ऐकलं होतं. ते खाली उतरले, मावशींच्या हातातली पिशवी घेतली आणि अत्यंत आदराने म्हणाले, "बारशाला पोचताल, पण पोचताल. बसा." मावशी बसल्या.

परभणी जिल्ह्यात माझ्या मामांइतका हळू माणूस चाकांवर बसलेला नाही. या गोष्टीचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा माझ्या पदवीचाही नाही. सेलू ते देवगाव फाटा या रस्त्यावर त्यांनी उभा जन्म जीप चालवली आणि काटा चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही. चाळीसची पाटी खरं तर गावाजवळच लागते. मामांनी ती अख्ख्या रस्त्याला लागू करून टाकली. मी एकदा हे धीर करून विचारलं, तर म्हणाले, "माणसं काय फक्त गावातच चालतेत व्हय?" मोकळा ट्रॅक्टर मागून आला तरी ते खिडकीतून हात काढून त्याला पाहुण्यासारखं पुढे घालत. पुढे गेलेले सगळे फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिताना भेटायचे. मामा त्यांना रामराम करून मला हळूच सांगत, "घाईनं वाचिवलेला टाइम बशीत वतून प्यायलेत बघ."

बाकीच्या काळीपिवळ्यांचे काटे कधीच मेलेले असतात आणि त्यांची कुणाला आठवणही येत नाही. मामांनी मात्र आपला काटा तीन वेळा दुरुस्त करून घेतला. तिसऱ्या वेळी परभणीचा मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मामू, तुमारी गाडी को काँटा कायको? क्यालेंडर लगाव." मामा मनापासून हसले आणि काटा बसवूनच उठले.

त्यामुळे व्हायचं असं, की घाईची माणसं दुसऱ्या जीपमध्ये बसत आणि जपायची माणसं मामांकडे येत. दिवस भरत आलेली बाई असो, मोतीबिंदू काढून आलेले आजोबा असोत, उन्हाळ्यात कुंभाराचे माठ असोत की गणपतीची मूर्ती असो, सगळं मामांच्या जीपमधून जायचं. अंडेवाला तर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे टोपली देतच नसे. धंद्याच्या दृष्टीने हे बरं नव्हतं, कारण मूर्ती भाडं देत नाही. पण आमच्या भागातली कितीतरी माणसं जगात यायच्या आधीच मामांच्या जीपमध्ये बसून गेली आहेत, हे मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे. म्हणजे मनात सांगायचे. मोठ्याने मी फारसं काही सांगत नसे.

एवढं जपून चालवणाऱ्या माणसाच्या मागे काहीतरी दुःख असणार असं लोकांना वाटे. नवा प्रवासी हमखास आवाज उतरवून विचारी, "कधी काही झालं होतं का हो?"

"काईच झालं न्हाई," मामा म्हणत. "त्याच्यासाठीच तर हे चालू हाय."

मी मामांकडे राहून सेलूच्या इंग्रजी शाळेत जायचे तीही याच जीपमधून. माझी जागा ठरलेली होती आणि काम पण. काटा चाळीसच्या पुढे सरकला की मी सांगायचं. माझ्या तोंडून शब्द निघत नसे, म्हणून मी डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टकटक करायचे. मामा पाय सैल करत आणि वरच्या आरशातून माझ्याकडे बघत. "तोंडानं सांग की माय. सुतारपक्षी हायस का?" नातेवाईक मला 'मुकी' म्हणत तेव्हा मामा एवढंच म्हणत, "बोलंल. लागंल तवा बोलंल."

मग रस्ता सिमेंटचा झाला, रुंद झाला आणि गाड्यांना पंख फुटले. आमच्या गावाच्या वळणावर शाळा आहे. शाळेचा हातपंप रस्त्याच्या या बाजूला आणि वर्ग त्या बाजूला. तिथे अधूनमधून वेग मोजणारी पोलिसांची गाडी उभी राहू लागली. पट्ट्यात सापडलं की मोबाइलवर दंडाचा मेसेज. तेव्हापासून ड्रायव्हर लोकांनी आपला जुना रिवाज तिथेही चालू केला. समोरून येणाऱ्याला डिपर मारायचा, म्हणजे दिव्यांची उघडझाप करायची, की पुढे पोलीस आहेत, सांभाळ.

मामांनी या रिवाजात सुधारणा केली. पोलिसांची गाडी खरंच उभी असली की ते कुणाला डिपर मारत नसत. "सापडू दे," म्हणत. ती नसली की मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येकाला भरदुपारी दिवे उघडझाप करत सुटत. ट्रकवाले घाबरून हळू होत, वळणावरून सासरी आल्यासारखे जात आणि पुढे गेल्यावर पोलीस कुठेत म्हणून डोकं खाजवत. मामांना याचा एवढा आनंद होई, की ते स्टिअरिंगवर ताल धरत. मीही खिडकीकडे तोंड करून हसून घ्यायचे.

पण रोज त्याच रस्त्यावर फिरणारे ड्रायव्हर काही भोळे नसतात. काही महिन्यांत त्यांनी मामांचं गणित उलगडलं. या म्हाताऱ्याने डिपर मारला म्हणजे आज पोलीस नाहीत, रस्ता मोकळा. हे आम्हाला कळलं ते एका शनिवारी. मी परभणीहून, नोकरीच्या गावाहून, सुट्टीला येत होते, सेलूपासून मामांच्या जीपमधून. मामांनी समोरच्या ट्रकला डिपर मारला आणि ट्रकवाल्याने हसून, हात हलवून, गाडी आणखी दामटली. शाळा सुटली होती. पोरं हातपंपावर ओंजळी धरून उभी होती. ब्रेकचा आवाज मला अजून ऐकू येतो. ट्रक पंपापासून दोन हातांवर थांबला. कुणाला काही झालं नाही. एक पोरगी तेवढी ओंजळ तशीच धरून उभी राहिली, पाणी गळून गेलं तरी.

घरी मामीने जेवायला वाढलं तेव्हा मामा ताटाकडे बघत म्हणाले, "मीच त्याला वाट मोकळी करून दिली."

पुढच्या आठवड्यात शाळेच्या वर्गात ग्रामसभा होती. वळणावरची पोलिसांची गाडी हलवावी, असा ठराव येणार होता. गावातल्या मोटरसायकलवाल्यांना दंड बसत होता आणि दंडाच्या धाकाने ट्रकवाले दुसऱ्या वाटेने जाऊ लागल्यामुळे फाट्यावरच्या हॉटेलवाल्या काकांकडे ट्रक थांबेनासे झाले होते. मामीने मला सोबत पाठवलं, मामांचं बीपी वाढू नये म्हणून. मी बायकांच्या बाजूच्या बाकावर बसले.

मामा उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी डिपरची गोष्ट सांगून टाकली. आधी लोक हसले. पोरीच्या ओंजळीपर्यंत आले तेव्हा कुणी हसलं नाही.

"खोट्या भ्यानं काई दिवस निभलं," मामा म्हणाले, "खरी गाडी मधूनमधून यायली म्हणून निभलं. ती बी हलवली तर मग कोण हाय? माझ्या जीपच्या परमिटची मुदत दिवाळीला संपायली. तवापस्तोर मी जातो हळू. पुढं?"

हॉटेलवाले काका वाईट माणूस नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "मामा, तुमचं सगळं कबूल. पण गाडी उभी असती तेवढ्याच जागी लोक हळू होतेत. वळण संपलं की पुन्हा बुंगाट. मग तिचा उपेग काय, ते सांगा."

जन्मभर ज्यांनी रस्त्यावर उत्तर दिलं होतं, ते मामा टोपी हातात घेऊन उभे राहिले. दिवाळीनंतर ती जीप अंगणात लिंबाखाली उभी राहणार होती आणि तिच्या आरशात बघून मला कुणी काही म्हणणार नव्हतं. सरपंचांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. मला कळायच्या आत माझं बोट बाकावर दोनदा वाजलं. टक, टक.

मामांनी वळून पाहिलं. तसंच, आरशातून बघायचे तसं.

मी उभी राहिले. खिडकीतून हातपंप दिसत होता.

"काका," मी म्हणाले, "शाळा पण तेवढ्याच जागी आहे."