डाख लावलेला गुंड

तिसऱ्या अल्बमवर ड्रम मी वाजवलेत, असं कव्हरवर छापलं आहे. मी वाजवलेले नाहीत. पण वाजतात ते माझेच. आता बोला!

आमचा बँड दोघींचाच. मैत्रीण गिटार वाजवते आणि गाते, मी ड्रमवर. पहिला अल्बम आम्ही भंडाऱ्याजवळच्या एका राइस मिलच्या गोदामात केला, मिलला सुट्टी असायची त्या दिवशी. ड्रम लग्नाच्या बँडवाल्याकडचे जुने, झांजा नव्हत्याच. म्हणून घरातला पाणी भरायचा पितळी गुंड उपडा मांडला. त्याच्या बुडाला भेग होती. काठी मारली की ठण्ण करायच्या ऐवजी तो झर्रर्र करून खेकसायचा. गिटारही तशीच खरखरीत, आणि मैत्रीण गायची कमी, ओरडायची जास्त. ऐकणाऱ्यांना नेमकं तेच आवडलं. का, ते आम्हाला कधी कळलं नाही.

माझ्या बाबांचं कामच पितळेची भांडी ठोकायचं, जोडायचं. त्यांची पोरगी चारचौघांत फुटका गुंड घेऊन बसते, याची त्यांना लाज वाटली. दुसऱ्या अल्बमसाठी नागपूरच्या स्टुडिओत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला न सांगता डाख लावून भेग बुजवली आणि गुंड चिंचेने घासून लखलखीत केला. स्टुडिओत मी काठी मारली. ठण्ण! मैत्रीण गिटार खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

"हे काय व? आरती होऊन राहिली का इथं?"

मग तिथल्याच झांजा घेतल्या. तिची गिटार गोड झाली, गळाही खाली आला. अल्बम चांगला झाला, म्हणजे सगळे तसं म्हणाले. मला तो ऐकताना दाखवायच्या कार्यक्रमाला बसल्यासारखं वाटतं. बाबांवर चिडावं, तर आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पुढे ती नोकरीसाठी पुण्याला गेली. तिसरा अल्बम तिने तिकडेच लॅपटॉपवर केला आणि तयार झाल्यावर मला पाठवला. संथ गाणी, गिटार जवळजवळ नाहीच, आणि सगळ्यांच्या खाली माझे ड्रम नि तो जुना झर्रर्र. पहिल्या अल्बममधून कापलेला, ताणलेला, पुन्हा पुन्हा जोडलेला. मी तिला फोन केला.

"मले कायले नाही बोलावलं?"

"अवो, तू आहे ना त्यात! सगळीकडे तूच आहे."

मला राग आला, मग बरं वाटलं, मग परत राग आला. या बँडमध्ये मी अजून आहे की नाही, एवढंच मला विचारायचं होतं. आहे म्हणाली, तरी समजेना.

बाबांच्या दुकानात जाऊन त्यांना ती गाणी ऐकवली. त्यांची हातोडी थांबली.

"हा तर आपला गुंड. जोडायच्या आधीचा." हातोडी खाली ठेवून ते म्हणाले, "आण तो इकडे. भेग पाडून देतो."

जन्मभर भेगा बुजवलेला माणूस. छिन्नी लावताना त्यांचा हात दोनदा मागे आला. शेवटी पाडली. मी काठी मारली, तर आवाज तो नव्हताच. हा घोगरा होता, लवकर थांबत नव्हता. बाबांचा चेहरा पडला.

"चुकलं का बाई?"

मला तरी काय ठाऊक! मी पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला, आणि मैत्रिणीला फोन लावून तो गुंडाजवळ धरला. तिने तो आणखी एकदा वाजवायला लावला. मग म्हणाली, "कोणालेच ऐकवू नको. मी येऊन राहिली."

"काय म्हणे?" बाबांनी विचारलं.

"येऊन राहिली म्हणे."

"कोणासाठी?"

"माह्यासाठी," मी म्हटलं. मग गुंडाकडे पाहिलं, आणि खात्री वाटेना.